नाव ना पत्ता

पंच म्हणून सही करायला मला हाक मारली, तेव्हा माझ्या खिशात त्याच दुकानात द्यायची चिठ्ठी होती.

1998 सालचा मे महिना. परीक्षा संपून आठ दिवस झाले होते. उन्हाळ्यात कोल्हापुरात दुपारी दोन ते चार या वेळात सावली सोडून दुसरं काही शोधण्यासारखं नसतं, आणि माझी ठरलेली सावली म्हणजे लक्ष्मीपुरीतला अण्णांचा गाळा. सहा बाय आठचा. बाहेर पत्र्याची पाटी, आत भिंतभर फळ्या, फळ्यांवर कॅसेटी. कंपनीच्या कॅसेटी दर्शनी काचेमागं, देवघरातल्या टाकांसारख्या मांडलेल्या. त्यांना फारसं कोणी हात लावत नसे. खरा धंदा काउंटरच्या खालच्या अंगाला चालायचा. तिथं दोन डबल डेक, म्हणजे एका कॅसेटवरनं दुसरीवर गाणी उतरवणारे टेपरेकॉर्डर होते आणि गाणी भरून मिळायची.

‘कॅसेट भरून घेणं’ हा शब्दप्रयोग आता गेलाच. पाणी भरतात, पोती भरतात, परीक्षेचा फॉर्म भरतात, तशी आम्ही गाणी भरायचो. या क्रियापदात चोरीचा वासही नव्हता. रिकामं काहीतरी आहे आणि ते भरायचं आहे, एवढंच.

चिठ्ठी लिहिणं हेही एक कामच होतं. वहीचा कागद मधोमध दुमडायचा, डावीकडं ‘ए’ बाजू, उजवीकडं ‘बी’. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला सहा गाणी, फार तर सात. नव्वदची कॅसेट घ्यायला अण्णा नको म्हणायचे, तिची टेप पातळ असते आणि टेपरेकॉर्डर ती खातो. मग बोटभर गुंता बाहेर ओढून पेन्सिलीनं चाक फिरवत बसावं लागतं. अण्णा चिठ्ठीवरनं नजर फिरवून मनातल्या मनात मिनिटांची बेरीज करायचे. “हे पाचवं सहा मिनिटाचं हाय. मधीच तुटंल. त्याच्या जागी दुसरं सांग की.” मला गाण्याचा काळ कळायच्या आधी गाण्याची लांबी कळायला लागली ती त्यांच्यामुळं. आणि एक सांगतो, अण्णांनी भरलेल्या कॅसेटमध्ये कधी गाणं अर्ध्यात तुटलं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये मोजून तीन सेकंदांची शांतता असायची. कंपनीच्या कॅसेटीतसुद्धा इतकी निगुती नसे.

त्या दुपारी गाळ्यासमोर जीप थांबली. एक फौजदार, तीन शिपाई, आणि त्यांच्यामागून उन्हानं लाल झालेला, मुंबईहून आलेला कंपनीचा माणूस, हातात ब्रीफकेस. त्यानं पहिल्यांदा काचेमागच्या कॅसेटी बघितल्या, एकदोन उचलून त्यावरचा चकचकीत स्टिकर तिरपा धरून पाहिला, खाली ठेवल्या. मग सरळ काउंटरखाली वाकला. त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असणार.

फौजदारांनी आजूबाजूला बघितलं. “तुम्ही इथलेच का? दोन मिनिटं या. पंच म्हणून.”

दुसरा पंच मिळाला शेजारचा झेरॉक्सवाला. तो सकाळपासून रात्रीपर्यंत विद्यापीठाची क्रमिक पुस्तकं पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत झेरॉक्स करून, स्पायरल बांधून द्यायचा. माझं अकाउंटन्सीचं पुस्तक त्याच्याकडचंच होतं. (पुढं 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयानं विद्यापीठातल्या अशा अभ्यासाच्या झेरॉक्सला मोकळीक दिली. त्या दुपारी मात्र त्याला आणि मला, दोघांनाही, आपण पंचांच्या बाजूला उभे आहोत याचं फार बरं वाटलं होतं.)

पंचनाम्याची भाषा मला अजून पाठ आहे. आम्ही खाली सह्या करणार पंच, आम्हांस समक्ष बोलावून विचारल्यावरून पंचनामा लिहून देतो की. मुद्देमालाची यादी अर्धा तास चालली. डबल डेक, दोन नग. भरलेल्या कॅसेटी. कोऱ्या कॅसेटी. छापील आवरणं, गठ्ठा एक. आणि मग ते वाक्य, जे कंपनीच्या माणसानं शब्द शब्द सांगून लिहून घेतलं: सदर कॅसेटींवर निर्मात्याचे नाव, पत्ता व प्रकाशनाचे वर्ष नमूद नाही.

मला ते वाक्य तेव्हा विनोदी वाटलं. एवढ्या मुंबईहून आला आणि हे काय लिहून घेतोय? कॅसेटवर नाव-पत्ता नाही म्हणून?

ते कायद्यातलंच होतं हे फार पुढं कळलं. कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्यात 1984 साली, कॅसेट आणि व्हिडिओ गल्लोगल्ली पोचल्यावर, एक कलम घातलं गेलं, 52-ए. ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक प्रतीवर आणि तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क ज्याचा त्याचं नाव-पत्ता, आणि पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं वर्ष. व्हिडिओवर त्याशिवाय सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत. हे नसेल तर कलम 68-ए, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुणाचं गाणं चोरलं हे सिद्ध करायची भानगडच नको, नाव लिहिलं नाही एवढंच पुरे. त्याच 1984 च्या दुरुस्तीनं मूळ गुन्ह्याची, कलम 63 ची, शिक्षाही वाढवली. आधी फार तर एक वर्ष होती. आता कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दंड 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत. दुसऱ्यांदा सापडला तर किमान वर्षभर. फौजदाराला वॉरंटाशिवाय माल उचलायचा अधिकारही तेव्हाच पक्का झाला.

अण्णांच्या गाळ्याचं भाडंसुद्धा थकलेलं असायचं. 50 हजार हा आकडा त्यांनी कधी एकत्र बघितला असेल असं मला वाटत नाही.

कापडात बांधून, सुतळी आवळून, लाखेचं सील मारून माल जीपमध्ये गेला. त्याच्यामागून अण्णा गेले. जाताना त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “पंखा बंद कर रे तेवढा.”

मी पंखा बंद केला. सही त्याआधीच करून झाली होती. त्या वयात सही म्हणजे मिरवायची वस्तू होती, आडनावाखाली लांब शेपूट आणि शेपटाखाली दोन टिंबं. ती निळ्या शाईत तीन पानांवर उमटली. आणि खिशातल्या चिठ्ठीवर ‘ए’ बाजूची सहा आणि ‘बी’ बाजूची साडेपाच गाणी तशीच राहिली. एका गाण्याचं नाव पूर्ण आठवत नव्हतं, ते अण्णांना गुणगुणून दाखवायचं होतं.

कलम 63 मी पहिल्यांदा नीट वाचलं ते समन्स आल्यावर. हक्काचा जाणूनबुजून भंग करील तो, किंवा भंगाला अपप्रेरणा देईल तो. अपप्रेरणा! चिठ्ठी लिहून देणारा दुसरं काय करतो? खासगी वापराची एक सवलत कायद्यात आहे, पण तेव्हा ती लिखाण, नाटक, संगीतरचना आणि चित्रं यांनाच होती. ध्वनिमुद्रणापर्यंत ती पोचली 2012 च्या दुरुस्तीनं. म्हणजे 1998 च्या मे महिन्यात, कायद्याचा कीस काढायचा तर, पंचाच्या खिशात गुन्ह्याचा कागद होता आणि तोच पंच ‘सदर कॅसेटी माझ्या समक्ष’ म्हणून सही करत होता. व्यापारासाठी नसेल तर शिक्षा कमी करायची मुभा न्यायालयाला आहे, एवढाच काय तो दिलासा. सहा महिने कुठं काढायचे असतात हे कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. बिंदू चौकातल्या सबजेलच्या भिंतीकडेनंच आम्ही रोज जातो.

समन्स 2004 साली आलं. सहा वर्षांत डबल डेक जाऊन सीडी आली होती, दहा रुपयांत दीडशे गाण्यांची एमपीथ्री मिळत होती, आणि अण्णांनी गाळ्यात मोबाइलची रिचार्ज कार्डं ठेवायला सुरुवात केली होती. जामीन त्यांना चौथ्या दिवशी मिळाला होता. हा गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, यावर तेव्हा निरनिराळ्या न्यायालयांची निरनिराळी मतं होती. ‘तीन वर्षांपर्यंत’ या दोन शब्दांचा अर्थ काय लावायचा यावर तो घोळ होता. सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला 20 मे 2022 ला: दखलपात्र आणि अजामीनपात्र. तोवर कॅसेट म्हणजे काय हे विचारणारी पिढी आली होती.

तारखेच्या आदल्या रात्री मी माळ्यावरचा खोका काढला. वकिलानं उलटतपासणीत विचारलं की तुमच्या घरी भरलेल्या कॅसेटी किती, तर उत्तर माहीत असावं म्हणून. एकतीस निघाल्या. सगळ्या अण्णांच्या, त्यांच्या तिरक्या अक्षरातल्या. त्यात एक आईची होती. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेली असताना वाडी रत्नागिरीच्या चढावर कुठल्याशा दुकानात तिनं एक पोवाडा ऐकला होता, परत आल्यावर अण्णांना वर्णन सांगितलं होतं आणि अण्णांनी तो शोधून भरून दिला होता. वर फक्त ‘वहिनी – पोवाडा’ एवढंच.

टेप लावला. खरखर भरपूर, डफाचा आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. पण शाहिराचा गळा त्यातूनही वर यायचा. वीस मिनिटांनी शेवटचं कडवं आलं आणि शाहिरानं, रिवाज असतो तसं, आधी गुरूचं नाव घेतलं, मग स्वतःचं, मग डफवाल्याचं आणि तुणतुणेवाल्याचं, मग पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आपल्या गावाचं.

नाव आणि पत्ता. मी टेप मागं नेऊन पुन्हा ऐकला.

कागदावर काहीच नव्हतं आणि आवाजात सगळं होतं. कवनात नाव गुंफायची ही रीत आपल्याकडं कायद्याच्या किती आधीपासून आहे. तुका म्हणे, नामा म्हणे, नामयाची जनी. ख्यालात सदारंग. ज्या काळात गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणार आणि वाटेत कोणीही ते आपलं म्हणून सांगणार, त्या काळात मालकी टिकवायचा हाच उपाय होता. नाव काढलं तर ओळ मात्रेला लंगडी पडते. अर्थात लोक त्यावरही ताण. तुकोबांचं चोरण्याऐवजी आपलंच रचून त्यावर ‘तुका म्हणे’ लावणारे कमी झाले का? त्याला काय म्हणायचं, उलटी पायरसी? गाथेच्या संपादकांनी प्रक्षिप्त अभंग वेचण्यात हयाती घालवल्या.

सकाळी वडिलांना तो शाहीर विचारला. दादा त्याला ओळखत होते, साखर कारखान्याच्या कार्यक्रमांना तो यायचा. म्हणाले, “त्याला काय मिळालं आसंल? पाकीट एक, आणि कॅसेटी पंचवीस. जत्रेत स्वतःच विकत बसायचा.” म्हणजे गाणं कंपनीला एकदाच विकलं होतं. अण्णांनी ते कंपनीकडून चोरलं होतं. शाहिराकडून चोरण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. रचनाकाराचा रॉयल्टीतला निम्मा वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद 2012 साली झाली. गीतकार-संगीतकारांनी त्यासाठी बरीच वर्षं भांडण केलं होतं. शाहिराच्या पाकिटाला तोवर पंधरा-वीस वर्षं झाली असतील.

याच गावात गाणं चोरीला जाईल म्हणून त्याचं मुद्रणच होऊ न देणारे लोकही होऊन गेले, हे त्या दिवशी कोर्टाच्या बाकड्यावर बसून मला आठवत होतं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबाराचे गवई. जयपूर-अत्रौली घराण्याची ती अवघड, वळणावळणाची गायकी त्यांनी कोल्हापुरात रुजवली आणि महाराज गेल्यानंतर मुंबईला नेली. 1946 साली ते गेले. त्यांच्या गळ्याचं एकही ध्वनिमुद्रण मागं नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांनीही मुद्रणं मोजकीच दिली, रेडिओपासून लांब राहिल्या, आपली गायकी कोणी परस्पर उचलू नये याबाबत त्या फार जागरूक होत्या. जुन्या गवयांच्या गोष्टी निम्म्या याच असतात: कोणी पडद्याआड बसून चीज उचलली, कोणी अंतरा मुद्दाम गाळून शिकवला, अस्ताई मिळाली पण अंतऱ्यासाठी बारा वर्षं पाय चेपावे लागले. त्या व्यवस्थेत तुरुंग नव्हता, पण शिक्षा होती. न शिकवणं. तिच्यापुढं सहा महिने काहीच नाहीत. आणि गंमत अशी की 1977 साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली, तिच्यात याच केसरबाईंची भैरवी आहे. सूर्यमालेच्या पलीकडं. तिथं डबल डेक नाही.

माझा पुकारा झाला.

सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. “ही सही तुमची?”

“होय.”

“मजकूर बरोबर आहे?”

आता इथं सांगून टाकतो. मजकूर बरोबर होता. तो मला वाचून दाखवला होता, मी कान देऊन ऐकला होता, आणि त्यातलं एक वाक्य सहा वर्षांनीही मला तोंडपाठ होतं. अण्णा मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला कधी एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. सकाळी कोर्टाच्या दारात भेटले तेव्हासुद्धा “च्या घेतलास काय?” एवढंच विचारलं होतं.

मी म्हणालो, “मजकूर वाचून दाखवला नव्हता. सही करा म्हणाले, केली.”

पंच फितूर. आपल्या कोर्टात दिवसातून दहादा होणारी गोष्ट. सरकारी वकिलांनी नुसतं वर बघितलं, चिडलेसुद्धा नाहीत. आरोपीच्या वकिलांना तर मला विचारायला काही उरलंच नाही, एकतीस कॅसेटींचा हिशेब माझ्यापाशीच राहिला. झेरॉक्सवाला माझ्या आधीच फितूर झाला होता.

अण्णा सुटले, पण आमच्यामुळं नाही. जप्त केलेल्या गाण्यांचे हक्क आपल्याकडं आहेत हे दाखवणारे मूळ करारनामे कंपनीकडून कधी कोर्टात आलेच नाहीत. कंपनीचा तो माणूस नोकरी सोडून गेला होता. नाव-पत्त्याचा मुद्दा पंच आणि फौजदार यांच्यावर टिकायला हवा होता, आणि फौजदारांची बदली होऊन त्यांनाही आता नीट आठवत नव्हतं. म्हणजे माझं खोटं वायाच गेलं असं म्हणता येईल, किंवा त्यानंच ते दुसरं कलम पडलं असंही. मी दोन्ही म्हणून बघितलंय.

त्यानंतर शिक्षा फक्त चढत गेली. 2009 साली आपल्या राज्यानं एमपीडीए कायद्यात व्हिडिओ पायरेट घातले. हा कायदा कोल्हापूरच्या पेपरांत नेहमी दिसतो, अमुक गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध म्हणून. खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येतं. त्याच्या लांबलचक नावात आता झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्या रांगेत ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ उभ्या आहेत, त्यांच्याशेजारी पुढं वाळूतस्करही आले. गल्लीच्या गणपतीला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन पिक्चर लावणारं आमचं मंडळ या रांगेत कुठं उभं राहिलं असतं? 2023 मध्ये सिनेमाच्या कायद्यात आणखी दुरुस्ती झाली. थिएटरात कॅमेरा लावून उचलेगिरी केली तर तीन महिने ते तीन वर्षं, आणि दंड 3 लाखांपासून पिक्चरच्या एकूण निर्मितिखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत. शंभर कोटींचा पिक्चर असेल तर करा हिशेब. वरातीला मात्र अभय. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवणं हा हक्कभंग होत नाही, असं कायद्याच्या कलम 52 मध्येच लिहिलंय. डॉल्बीच्या भिंतीपुढं नाचणाऱ्या माझ्या गावाला ते वाचून दाखवलं तर पुढची तीन लग्नं जास्तच जोरात लागतील.

हे सगळं मी विसरलो होतो. आठवण झाली गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जूनमध्ये, चपलांमुळं.

मिलानच्या एका बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये पुरुषांच्या पायात कोल्हापुरी दिसली. तोच अंगठा, तीच वेणी, तेच कान. नावात कोल्हापूर कुठं नाही. चामड्याच्या सँडल, बस. वर्तमानपत्रांनी लाखाच्या पुढची किंमत छापली आणि चप्पल लाइनीत आग लागली. आमच्या बँकेत कर्जाचा हप्ता भरायला येणारा एक कारागीर माझ्या टेबलासमोर बसून मोबाइलवरचा तो फोटो मोठा करत होता, दोन बोटांनी, शिवण दिसेपर्यंत. “सायेब, ही वेणी बघा. आमचीच हाय. पर नाव न्हाई टाकल्यालं. नाव टाकलं आसतं तर केस झाली आसती म्हणं.”

त्याचं म्हणणं खरं होतं. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. दुसरीकडं बनवलेल्या चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हणालात तर गुन्हा. नाव न घेता तशीच चप्पल केली तर त्या कायद्याला हात घालायला जागा नाही. संध्याकाळी घरी मी तो कायदा काढून बघितला, कलम 39. खोटं मानांकन लावणाऱ्याला कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत.

आकडे ओळखीचे होते. शब्दशः तेच.

मी बराच वेळ त्या पानावर होतो. अण्णा पकडले गेले ते नाव लिहिलं नाही म्हणून. मिलानवाले सुटले ते नाव लिहिलं नाही म्हणून. पुढं गदारोळ झाल्यावर त्या कंपनीनं आपली प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, तिची माणसं कारागिरांना भेटून गेली, हेही झालं. त्या कारागिराला एकच प्रश्न पडला होता, त्याच्या आज्यानं कापशी चपलेचं वळण बसवलं त्यावर आज्याचं नाव कुठं टाकायला हवं होतं? चामड्यात शेवटचं कडवं नसतं.

आणि मी कोणत्या तोंडानं त्याच्यापुढं मान हलवत होतो? आमच्या उद्यमनगरात ‘बघून बनवलं’ हे कौतुकाचं वाक्य आहे. परदेशी इंजिनाचा भाग समोर ठेवला की आठ दिवसांत हुबेहूब दुसरा ओतून देणारे मिस्त्री आम्ही अभिमानानं दाखवतो. पहिला देशी सिनेकॅमेरा बाबूराव पेंटरांनी याच गावात परदेशी यंत्राचा अभ्यास करून घडवला, ती तर आमची दंतकथाच. ते सगळं मला आजही भारीच वाटतं. फक्त त्या दिवशी त्या माणसाची बोटं काचेवर ती शिवण मोठी करत होती, आणि मला अण्णांच्या काउंटरखाली वाकलेला कंपनीचा लालबुंद माणूस दिसत होता. त्याला तरी काय, उन्हातनं आला होता बिचारा.

ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कित्येक वर्षं वकील त्यासाठी झटत होते. भाऊसिंगजी रोडवर सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीला रंग लागला, रोषणाई झाली. मी माझी साक्ष झाली ती जागा बघायला म्हणून सहज गेलो, तर गर्दीत अण्णा. पंच्याहत्तरी ओलांडलेली, कानात मशीन. मला त्यांनीच ओळखलं.

“बँकेत हायस न्हवं अजून?”

“हाय की अण्णा.”

चहाच्या गाडीवर उभं राहिलो. डबल डेकचं काय झालं विचारलं. मुद्देमाल परत घ्यायला ते गेले होते, दोन्ही डेक गंजून गेलेले, कॅसेटींना बुरशी. तिथंच भंगारवाल्याला देऊन आले. पोवाड्याची कॅसेट माझ्याकडं अजून आहे म्हणालो, तर त्यांना ती आठवत नव्हती. आई आठवत होती. “वैनी गाणं म्हणून दाखवायच्या न्हाईत. गोष्ट सांगायच्या गाण्याची. त्यावरनं हुडकाय लागायचं.”

मग त्यांनी खिशातनं पेन काढलं, चहाच्या गाडीवरचा पेपर पुढं ओढला आणि म्हणाले, “सही कर बघू तुझी.”

बँकेत लागल्यावर माझी सही आखूड झालीय. दिवसाला दोनशे करायच्या, शेपूट कुणी काढत बसायचं? दोन अक्षरं आणि एक रेघ. मी ती पेपरच्या कडेला केली. अण्णांनी चष्मा वर ढकलून ती बघितली, पेपर जरा लांब धरून पुन्हा बघितली.

“कोर्टात हीच केली आसतीस,” ते म्हणाले, “तर खोटं बोलाय लागलं नसतं.”